किती फूट

पहिल्यांदा आलं ते केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला.
ब्युरेटचा नॉब बोटांत, थेंब थेंब सोडत होते,
गुलाबी व्हायच्या आतच
छातीत हलगी कडाडली.
हात माझे नव्हते, फरशी माझी नव्हती.
मी मरतेय, हे इतकं सरळ कळलं
जसं गिरणीत हळद दळताना नाकाला कळतं,
कुणी सांगावं लागत नाही.

मग मिरजेची कॅज्युअल्टी. ईसीजी नॉर्मल.
दुसऱ्यांदा नॉर्मल. तिसऱ्यांदा
वॉर्डबॉयनं पट्टी फाडून पप्पांच्या हातात दिली,
म्हणाला, घोड्याचं काळीज आहे पोरीचं.
पप्पांनी ती घडी घालून पाकिटात ठेवली,
यार्डातल्या पावत्यांच्या शेजारी.
काकूनं मीठमोहऱ्या उतरवल्या.
क्लासचे सर म्हणाले, सोंग.
मी पहिल्या बाकावरून दाराजवळच्या बाकावर आले,
तिथून घरी.

विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानावर
शिरगुप्पे मॅडमची खोली. पंखा, दोन खुर्च्या,
त्यातली एक फिरती.
शून्य ते शंभर, भीती किती, त्यांनी विचारलं.
शंभरात मला सांगताच येईना.
सांगलीची पोर मी, म्हटलं,
आयर्विनला पंचेचाळीस.
त्या हसल्या नाहीत. वहीत लिहिलं: पंचेचाळीस फूट, धोका पातळी.
तेव्हापासून आमचं माप तेच.

वाटलं, आता पुराचं धरून बसतील.
पाचवीत होते, दोन रात्री माळ्यावर, खाली फ्रिज तरंगत होता.
ऐकलं त्यांनी सगळं.
पण त्यावर बोट ठेवून "सापडलं" म्हणाल्या नाहीत.

वहीला चार रकाने.
काय झालं. काय वाटलं. पुरावा काय.
चौथा, शेवटी काय निघालं, तो कितीतरी दिवस कोरा.
"मी मरणार", पुरावा: धडधडतं.
उलट पुरावा: बारा वेळा मेले नाही.
बारा वेळा!
लिहिताना फस्सकन हसू आलं, त्याला लागूनच रडू.

नंतर त्यांनी ते मुद्दाम आणायला शिकवलं.
नाक चिमटीत, शहाळ्याची नळी तोंडात, एक मिनिट.
फिरत्या खुर्चीत गरागरा.
तीन मजले धावत, दोनदा, त्याही बरोबर,
अंबाडा सुटला, भिंतीला टेकून धापा टाकत म्हणाल्या,
बघ, माझ्या पण बोटांना मुंग्या.
मला आठवलं, सातवीपर्यंत खो-खो खेळायचे.
तेव्हाही हेच व्हायचं.
तेव्हा त्याला दम लागला म्हणायचे.

मग पूल. मधोमध जायचं, थांबायचं,
बाटली नाही, फोन नाही.
आणि पप्पांनी पाकिटातली पट्टी घरी ठेवायची,
हे मॅडमनी त्यांना वेगळं बसवून सांगितलं.
पप्पा अलीकडे, स्कूटर चालूच ठेवून.
मी कठड्याला हात न लावता मोजत होते:
अडतीस. एक्केचाळीस. त्रेचाळीस.
दुधाच्या किटल्यावाला सायकल टाकून धावला,
काय गं, कुणाची तू, अशी का उभी?
गृहपाठ करतेय, म्हटलं.
त्याला पटलं नसावं. चांगला दहा मिनिटं
माझ्याशेजारी उभा राहिला, म्हशींचं बोलत.

परत आले तेव्हा पप्पांनी स्कूटर बंद केली.
किती?
त्रेचाळीसला थांबलं.
मग उतरंल, ते म्हणाले,
दर ऑगस्टला नदीकडं बघून म्हणतात तसंच.

मंगळवारी पुन्हा आलं. केमिस्ट्रीलाच.
चाळीस, चव्वेचाळीस, हलगी,
नॉब सोडला नाही.
पण एक थेंब जादा पडला,
फिकट नाही, गडद गुलाबी झालं सगळं.
घरी येऊन चौथ्या रकान्यात लिहिलं:
रीडिंग चुकलं.